नितळ पाण्याची भानगड

लेक कोमो हे नाव आपल्याकडे घराघरात पोचलं ते नोव्हेंबर २०१८ मध्ये. दीपिका-रणवीरचं लग्न! तळ्याच्या काठावरचा व्हिला देल बाल्बियानेल्लो, एक दिवस कोंकणी पद्धत, दुसऱ्या दिवशी सिंधी, पाहुणे मोजके आणि फोटो त्याहून मोजके. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकीनं गुपचूप मिलानच्या तिकिटांचे भाव बघितले होते, हे मी शपथेवर सांगू शकते. (पुढे एकीचं लग्न कर्वे रोडवरच्या हॉलमध्ये झालं, दुसरीचं अलिबागला. असो.)

तसं कोमोला ग्लॅमर नवं नाही. जॉर्ज क्लूनीनं तिथल्या लाल्यो गावात २००२ मध्ये व्हिला घेतला. ‘स्टार वॉर्स’चा दुसरा एपिसोड आणि ‘कसिनो रॉयाल’ या दोन्हींचं शूटिंग त्याच बाल्बियानेल्लोमध्ये झालंय. अजून मागे जायचं तर धाकटा प्लिनी हा रोमन लेखक. त्याचे कोमोच्या काठी दोन खास लाडके व्हिला होते, आणि त्यानं एकाचं नाव ‘ट्रॅजेडी’ ठेवलं होतं, दुसऱ्याचं ‘कॉमेडी’. म्हणजे सेकंड होमला आचरट नावं द्यायची फॅशन आपण लोणावळ्यात काढलेली नाही, तिला दोन हजार वर्षांची परंपरा आहे!

तर एप्रिलमध्ये मिलानच्या फर्निचर फेअरचं काम होतं. ते संपल्यावर माझ्या हातात पाच दिवस उरले. कॉलेजमधली मैत्रीण मिलानमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिच्या सोफ्यावर मुक्काम. प्लॅन एकदम सिंपल होता... इटलीतली तळ्याकाठची जुनी गावं बघायची, भरपूर चालायचं, भरपूर खायचं आणि ई-मेल उघडायची नाही. तिसरी गोष्ट जमली नाही. बाकीच्या दोन मात्र मन लावून केल्या.

पहिला दिवस अर्थातच कोमो. मिलान सेंट्रलवरून ट्रेनमध्ये बसलात की तासाभरात वारेन्ना. उतरल्या उतरल्या पोस्टकार्ड समोर. पिवळी, गेरू रंगाची, गुलाबी घरं एकमेकांना चिकटून डोंगरावरून पाण्यापर्यंत उतरलेली, पाण्यालगत ‘प्रेमिकांची वाट’ नावाचा छोटासा रस्ता, आणि मागे बर्फाचे डोंगर. शेजारीच फ्युमेलात्ते, म्हणजे ‘दुधाची नदी’. लांबी फक्त २५० मीटर! वसंतात कड्यातून बाहेर पडते, पांढरीशुभ्र फेसाळत तळ्यात जाते आणि शरदात गायब होते. तिला बघून मला आपले पावसाळ्यातले ताम्हिणीतले धबधबे आठवले. त्यांची ड्यूटी चार महिन्यांची, हिची सात-आठ.

वारेन्ना सुंदर आहे. खरंच सुंदर आहे. पण दुपारी चार वाजता फेरीच्या रांगेत उभी असताना माझ्या लक्षात आलं की दिवसभरात मी एकाही माणसाला त्या गावातलं काही काम करताना बघितलं नव्हतं. वेटर होते, तिकीटवाले होते, रिसेप्शनिस्ट होते आणि आमच्यासारखे फोटो काढणारे होते. कोळ्यांचं गाव म्हणे. कोळी कुठायत?

दुसऱ्या दिवशी याचं थोडं उत्तर मिळालं. लेक इसेओ. या तळ्याच्या मधोमध मोंते इसोला आहे. ‘मोंते’ म्हणजे डोंगर, ‘इसोला’ म्हणजे बेट. तळ्यातलं इटलीतलं सगळ्यात मोठं बेट. वस्ती दोन हजारांच्या आत. गाड्यांना बंदी, गावकऱ्यांच्या स्कूटर मात्र सुसाट. इथे एका बोळात चक्क मासे वाळत घातले होते! चांदीसारखे चपटे मासे, मीठ लावून, ओळीनं टांगलेले. वाळले की ते दाबून तेलात मुरवतात आणि भाजून पोलेंटाबरोबर खातात. पोलेंटा म्हणजे मक्याचं घट्ट पिठलं समजा. मैत्रीण मालवणची. तिनं वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “अगं, हे आमचं सुकट आहे!” त्यानंतर दहा मिनिटं ती माझ्याशी बोलली नाही. खात होती.

याच बेटाला २०१६ च्या जून-जुलैमध्ये ख्रिस्टो या कलाकारानं केशरी कापडाच्या तरंगत्या रस्त्यानं काठाशी जोडलं होतं. ‘फ्लोटिंग पिअर्स’. सोळा दिवस, आणि बारा लाख माणसं पाण्यावरून चालत येऊन गेली. दोन हजारांच्या आत वस्ती असलेल्या गावात बारा लाख! हिशोब तुम्हीच करा. आम्ही गेलो तेव्हा आमच्या बोटीत अकरा जण होते आणि त्यातल्या चौघांच्या हातात भाजीच्या पिशव्या होत्या.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या तळ्याबद्दल. “कोमोला सगळे जातात,” मैत्रीण म्हणाली होती. “तू ओर्ताला चल. इटालियन लोक त्याला तळ्यांमधली सिंड्रेला म्हणतात.” मला वाटलं, ट्रॅव्हल ब्रोशरवाली भाषा. पण सिंड्रेलाच्या गोष्टीत आधी बरीच राख उपसावी लागते, हे मी विसरले होते.

मिलानहून नोवाराला जाताना खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. होय, भात! नोवारा आणि वेर्चेल्ली हा युरोपातला सगळ्यात मोठा भाताचा पट्टा आहे. रिझोट्टो काही आकाशातून पडत नाही. नोवाराला गाडी बदलायची. मग एक छोटी गाडी रमतगमत डोंगराकडे निघते आणि ‘ओर्ता-मियासिनो’ नावाच्या निवांत स्टेशनवर तुम्हाला सोडून देते. पुढे अर्धा तास उताराची वाट. वाटेत अचानक एक मिनार दिसतो. मी दचकलेच. हा व्हिला क्रेस्पी. कापसाच्या धंद्यात पैसा केलेल्या क्रेस्पी नावाच्या उद्योजकानं १८७९ मध्ये थेट अरबी महालाच्या धर्तीवर बांधलेलं घर. आता तिथे हॉटेल आहे, आणि त्याच्या रेस्टॉरंटला तीन मिशेलिन स्टार आहेत. आम्ही बाहेरूनच मेन्यू वाचला आणि सँडविच खाल्लं.

ओर्ता सान जुलियो. जेमतेम हजार-अकराशे वस्तीचं गाव. दगडी फरशांचा एक अरुंद रस्ता दोन्ही बाजूंच्या घरांमधून वाकत वाकत जातो आणि एकदम पियाझ्झा मोत्तामध्ये उघडतो. चौकाच्या तीन बाजूंना घरं, चौथ्या बाजूला सरळ पाणी, आणि पाण्यात चारशे मीटरवर एक बेट. चौकात खांबांवर उभी असलेली चिमुकली इमारत आहे, पालाझ्झोत्तो, १५८२ सालची. खाली सावली, वर सभेची खोली. गावकीची कचेरी. कारण हे गाव साधं गाव नव्हतंच! १२१९ पासून १७६७ पर्यंत ओर्ता आणि आजूबाजूचा भाग हे नोवाराच्या बिशपच्या अमलाखालचं एक छोटं स्वायत्त संस्थान होतं. आपल्या सांगली-मिरजेसारखं म्हणा, पण राजाच्या जागी बिशप. बुधवारचा बाजार तेराव्या शतकापासून याच चौकात भरतो. आम्ही बुधवारीच पोचलो. चीज, मोजे, रोपं, अंतर्वस्त्रं, सगळं एका ओळीत. आजूबाजूला सोळाव्या शतकातली चित्रं आणि मध्ये ‘तीन जोड्या पाच युरो’ची आरोळी. मस्त वाटलं.

इटालियन तळ्याकाठचं गाव म्हटलं की पुण्यातल्या माणसाला लवासा आठवणारच. मलाही आठवलं. दासव्याला वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी रंगीत घरांची जी ओळ आहे, तिचं मॉडेल होतं इटलीतलं पोर्तोफिनो. (जे खरं तर समुद्रकाठी आहे, पण जाऊ दे.) २०१८ मध्ये ते प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. वीकेण्डला तिथे फोटो मी पण काढलेत. पण आपण रंग तेवढे आणले. खांबांवरची कचेरी, सातशे-आठशे वर्षांचा बाजार आणि माशांचा वास यातलं काही कंटेनरमध्ये घालून आणता येत नाही.

बेटावर बोटीनं पाच मिनिटांत पोचतो. इसोला सान जुलियो, लांबी २७५ मीटर. दंतकथा अशी की चौथ्या शतकाच्या शेवटी जुलियो नावाचा संत आला, त्याला कुणी होडी देईना, म्हणून त्यानं आपला झगा पाण्यावर पसरला आणि त्यावर बसून पलीकडे गेला. बेटावर साप आणि ड्रॅगन होते, त्यांना त्यानं हाकललं. चर्चमध्ये एक भलंमोठं हाड ठेवलंय, ड्रॅगनचं म्हणून! जाणकार म्हणतात देवमाशाचं असावं. बेटावर मधोमध १९७३ पासून बेनेडिक्टाइन नन्सचा मठ आहे. या नन्स जुन्या कापडांची दुरुस्ती करतात. शतकांपूर्वीचे विणलेले पडदे, धर्मगुरूंचे झगे, सगळं धाग्याधाग्यानं नीट करतात. बेटाभोवती एकच वाट, तिला ‘शांततेची वाट’ म्हणतात आणि जागोजागी मौनाबद्दलच्या पाट्या आहेत. पंधरा मिनिटांत फेरी पूर्ण. वर्षभर मुक्काम असणाऱ्यांमध्ये नन्सच जास्त. बाकी बऱ्याच घरांच्या खिडक्या बंद होत्या, मालक उन्हाळ्यात उगवतात.

गावामागच्या टेकडीवर साक्रो मोंते आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेलं काम. झाडीत विखुरलेली वीस छोटी देवळं आणि त्यात माणसाच्या उंचीचे साडेतीनशेहून जास्त मातीचे पुतळे. संत फ्रान्सिसचं आयुष्य, सीन बाय सीन. २००३ पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. मे १८८२ मध्ये तत्त्वज्ञ नित्शे आणि लू सालोमे इथे दोघंच फिरायला आले आणि खाली थांबलेल्या लूच्या आईला बराच वेळ वाट बघायला लावली. वर नक्की काय झालं? किस घेतला की नाही हे आपल्याला आठवत नाही, असं लूनं म्हातारपणी सांगितलं. चरित्रकार अजून भांडतायत.

मुक्काम मात्र आम्ही समोरच्या काठावर, पेल्लाला केला. स्वस्त पडतं म्हणून. आणि खरी गोष्ट तिथेच कळली.

घरमालकीणबाई सत्तरीच्या. सिन्योरा म्हणायचं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला अंगणात कॉफी दिली. समोर तळं, बेट, मागे साक्रो मोंते, पाणी असं निळं की फोटोवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी आपलं म्हटलं, केवढं सुंदर पाणी आहे तुमचं! मैत्रिणीनं भाषांतर केलं.

“माझ्या लहानपणी याहून निळं होतं,” सिन्योरा म्हणाल्या. “काचेसारखं. होडीतून वाकलं की खोलवर दिसायचं.”

“वा!”

त्या हसल्या. “आत काही नव्हतंच. मग दिसणारच.”

मी मैत्रिणीकडे बघितलं. मला वाटलं तिचं भाषांतर चुकतंय. चुकत नव्हतं.

झालं असं. तळ्याच्या दक्षिण टोकाला गोत्सानो नावाचं गाव आहे. तिथे १९२६ च्या सुमारास बेम्बर्ग कंपनीचा रेयॉनचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा कारखाना सुरू झाला. त्या काळातली एकदम हाय-टेक गोष्ट. कापसाचे तंतू तांबं आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळवायचे आणि त्यातून चकचकीत धागा काढायचा. उरलेलं पाणी तळ्यात. तांब्यानं आधी शेवाळं आणि सूक्ष्म जीव मारले. त्यांच्यावर जगणारे गेले, मग मासे गेले. सगळं दोन-चार वर्षांत! रीना मोंती या शास्त्रज्ञ बाईंनी १९३० मध्येच यावर शोधनिबंध लिहिला होता. इटलीत विद्यापीठात प्रोफेसर झालेल्या अगदी पहिल्या बायकांपैकी या एक. निबंधाचा विषय, ओर्ता तळ्यातलं जीवन हळूहळू नाहीसं होणं. म्हणजे कळलं नव्हतं असं कुणी म्हणायची सोयच नाही.

पुढचा भाग जरा केमिस्ट्रीचा आहे, पण सोडू नका. अमोनियावर जिवाणूंचं काम चालू झालं की पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो आणि आम्ल तयार होतं. आजूबाजूचे डोंगर बरेचसे ग्रॅनाइटचे, त्यामुळे आम्ल मारायला पाण्यात पुरेसा चुना नाही. वर हे तळं १४३ मीटर खोल, सगळं पाणी बदलायला जवळपास दहा वर्षं. आलेली घाण मुक्कामाला राहणारच. होता होता पाण्याचा पीएच चारपर्यंत उतरला. म्हणजे जवळजवळ टोमॅटोच्या रसाइतकं आंबट! आणि जिथे शेवाळं नाही, जीव नाहीत, ते पाणी नितळच दिसणार. सिन्योरांच्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, बाहेरून येणारे पाहुणे याच काठावर उभे राहून ‘बेल्लिस्सिमो’ म्हणत असणार. माझ्यासारखेच.

“तुम्हाला कारखान्याचा राग नाही यायचा?” मी विचारलं.

सिन्योरांनी खांदे उडवले. त्यांचे वडील त्याच कारखान्यात होते. “राग कुणावर करायचा? रविवारी घरात मटण शिजायचं ते त्या पगारावर.” मग थोड्या वेळानं, “आजोबा मात्र कोळी होते. ते वडिलांशी फार बोलायचे नाहीत.”

हे ऐकल्यावर मला त्या अंगणात उगाच कप हातात घेऊन बसल्यासारखं झालं.

शेवटी काय झालं? १९७६ मध्ये इटलीत पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा आला. १९८० पासून कारखान्यातल्या अमोनियावर प्रक्रिया व्हायला लागली. पण तळं आपोआप बरं व्हायची वाट बघत बसलो असतो तर अजून कित्येक वर्षं गेली असती. मग शेजारच्या माज्जोरे तळ्याकाठी पाल्लान्झामध्ये गोड्या पाण्याचा अभ्यास करणारी जी संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी एक उपाय काढला. ऐकायला इतका घरगुती की हसू येतं. तळ्याला अ‍ॅसिडिटी झालीय ना? मग अँटासिड द्या! मे १९८९ ते जून १९९० या काळात बोटीतून चुनखडीची दहा हजार टनांहून जास्त भुकटी ओर्तामध्ये फवारली गेली. पीएच वर आला, अमोनिया संपला, विरघळलेलं तांबं खाली बसलं. हळूहळू शेवाळं, मग सूक्ष्म जीव, मग मासे. आज लोक या पाण्यात पोहतात. एवढं मोठं तळं चुनखडी घालून उठवल्याची उदाहरणं जगात फार नाहीत, त्यामुळे तळ्यांवर काम करणाऱ्या लोकांना ओर्ता हे नाव तोंडपाठ असतं. तळाच्या गाळात तांबं अजून आहे. गोत्सानोचा तो कारखाना बंद झालाय.

रात्री सिन्योरांनी जेवायला पर्च मासा केला. ओर्तातला. लोण्यात परतलेला, वर सेजची पानं. “हा मी पस्तीस वर्षांची झाल्यावर खाल्ला,” त्या म्हणाल्या. मैत्रिणीनं काटे चाटूनपुसून ताटात एका बाजूला रचून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मला बाकीचा काठ बघायचाच होता, म्हणजे जिथे फोटो काढायला कुणी जात नाही तो. पेल्लाच्या शेजारी सान माउरित्सियो द’ओपाल्यो आहे. या गावाचा धंदा काय असेल? नळ! साधे, पाण्याचे नळ. या परिसरातल्या छोट्यामोठ्या कारखान्यांतून नळ आणि व्हॉल्व्ह जगभर जातात. गावात नळाचं म्युझियमसुद्धा आहे. (मेटल प्लेटिंगच्या धंद्यानंही तळ्यात बरीच घाण ओतली, हेही खरं.) वर डोंगरात क्वार्ना नावाचं गाव आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन बनतात. आणि तळ्याच्या उत्तर टोकाला ओमेन्या.

ओमेन्या हे दिसायला काही खास नाही, पण त्यानं तुमच्या-माझ्या किचनमध्ये कधीच शिरकाव केलाय. अलेस्सी कंपनी १९२१ ची, इथलीच. फिलिप स्टार्कनं डिझाइन केलेला तो तीन पायांचा, कोळ्यासारखा दिसणारा लिंबू पिळायचा यंत्रावतार त्यांचाच. आणि मोका! अष्टकोनी अ‍ॅल्युमिनियमचा तो कॉफी पॉट आल्फोन्सो बियालेत्तीनं १९३३ मध्ये इथे आणला. त्याचा मुलगा रेनातो यानं तो जगभर विकला. २०१६ मध्ये रेनातो गेला, तेव्हा त्याची रक्षा एका मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवून दफन केली. ब्रँड लॉयल्टी यापुढे जाऊ शकत नाही! ओमेन्यातला मोकाचा कारखाना मात्र २०१० मध्ये बंद झाला.

अजून एक गंमत. बाकीच्या तळ्यांचं पाणी दक्षिणेला, मैदानाकडे वाहून जातं. ओर्ताचं पाणी ओमेन्यातून निगोल्या नावाच्या ओढ्यानं उत्तरेला, आल्प्सच्या दिशेनं निघतं. ओमेन्याच्या लोकांना याचा प्रचंड अभिमान आहे. त्यांची म्हणच आहे, की आमची नदी उलटी वाहते आणि कायदे आमचे आम्ही करतो. कोल्हापूरकरांशी यांचं छान जमेल.

मुलांसाठी लिहिणारे जान्नी रोदारी याच गावात १९२० मध्ये जन्मले. १९७० मध्ये त्यांना अँडरसन पुरस्कार मिळाला, म्हणजे बालसाहित्यातलं नोबेलच. त्यांची एक कादंबरी त्या सान जुलियो बेटावर घडते. लाम्बेर्तो नावाचा म्हातारा, श्रीमंत बॅरन. त्यानं माणसं पगारी ठेवलीत, ज्यांचं काम एकच, रात्रंदिवस त्याचं नाव घ्यायचं. कारण नाव घेतलं जातं तोवर मरण येत नाही. त्या बंद खिडक्यांच्या घरांसमोरून परत जाताना मला हा बॅरन आठवत राहिला. आपण सगळे इन्स्टावर ‘ओर्ता, ओर्ता’ करतोय खरे. पण त्यामुळे गावातल्या बेकरीत जानेवारीत गिऱ्हाईक येत नाही. सिन्योरांचा मुलगा तोरीनोला असतो, नातीला सुट्टीत आणतो. वरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं द्यायला काढल्या त्या नळाच्या वर्कशॉपमधली त्यांच्या यजमानांची नोकरी संपल्यावर. आमच्या दोन रात्रींच्या पैशांतून गॅसचं बिल जाईल, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. मी यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी नाश्त्याला अजून एक क्रोसाँ घेतला.

आता तुमच्या कामाचं. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हीएफएसचा चार्ज वेगळा. तारखा आधी धरा, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर उत्तम, ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते. मिलान ते नोवारा ट्रेन भरपूर, पण पुढे ओर्ता-मियासिनोच्या गाड्या मोजक्या, कधीकधी त्यांच्या जागी बस सोडतात, तेव्हा आदल्या दिवशी टाइमटेबल बघून ठेवा. बोटी हिवाळ्यात फारच कमी. कॉफी काउंटरला उभ्यानं प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग होते. नोवारा म्हणजे गोर्गोन्झोला चीजचा बालेकिल्ला, आणि पोलेंटावर ते वितळवून देतात. (व्हेज मंडळींनी रिझोट्टो मात्र विचारून घ्यावा, स्टॉक चिकनचा असू शकतो.) ओर्ता बुधवारी गाठा, बाजारासाठी. एक रात्र समोरच्या काठावर काढा. अलेस्सीचं फॅक्टरी आउटलेट ओमेन्याजवळ क्रुसिनाल्लोला आहे, तिथे क्रेडिट कार्ड मैत्रिणीकडे देऊन मगच आत शिरा.

आणि मोका पॉट आणलात तर तो साबणानं घासायचा नाही, नुसत्या पाण्यानं विसळायचा. सिन्योरांनी हे तीनदा बजावलंय.